वेबसाइटचे कोटेशन हातात आल्यावर: कोकणातल्या लहान व्यावसायिकांसाठी शब्दांची ओळख

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी घराच्या दोन-चार खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत, जे स्वतःच्या बागेतला हापूस पेटीने थेट मुंबई-पुण्याला पाठवतात किंवा घरीच कोकम आगळ आणि आंबापोळी करून विकतात, अशा बहुतेकांचा व्यवहार फोन आणि व्हॉट्सॲपवर चालतो. वेबसाइट करायचे ठरले की ओळखीतला एखादा मुलगा किंवा शहरातली एखादी कंपनी कोटेशन पाठवते, आणि त्यात डोमेन, होस्टिंग, एसएसएल, सीएमएस, रिस्पॉन्सिव्ह असे शब्द ओळीने आलेले असतात. आमच्या घरगुती निवासाची वेबसाइट उभी करताना या शब्दांचे अर्थ मला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावे लागले, म्हणून ते ज्या क्रमाने तुमच्यासमोर येतील त्याच क्रमाने येथे मांडत आहे.

वेबसाइट करून घेण्यासाठी कोड लिहिता येण्याची गरज नाही. मात्र कोटेशनमधल्या प्रत्येक शब्दाबाबत तीन गोष्टी विचारता आल्या पाहिजेत: हे पैसे नेमके कशाचे, याची नोंद कोणाच्या नावावर होणार आणि याची मुदत कधी संपते.

१. सुरुवातीपूर्वी जमवायचे साहित्य

पुढील गोष्टी हाताशी असल्याशिवाय काम देऊ नका, कारण यातली एक जरी राहिली तरी काम अडते आणि दोष कोणाचा यावर वेळ जातो.

• व्यवसायासाठी वेगळा ईमेल पत्ता, ज्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. पुतण्याचा किंवा वेबसाइट करणाऱ्याचा पत्ता चालणार नाही.
• कायम राहणारा मोबाइल नंबर, कारण सगळे ओटीपी त्यावर येणार आहेत.
• पॅन, बँक खात्याचा तपशील आणि असल्यास जीएसटी क्रमांक.
• पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी असल्यास तिचे प्रमाणपत्र. खाद्यपदार्थ विकत असल्यास एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक.
• मूळ छायाचित्रे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होऊन पोहोचते, म्हणून ती पेन ड्राइव्हवर, गूगल ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपमधूनच ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या.
• खोल्यांचे दर, आगाऊ रकमेचे व रद्द करण्याचे नियम, पोहोचण्याचा मार्ग असा सगळा मजकूर, टाइप केलेला.
• एक वही. लॉगिन कुठे आहे, कोणत्या ईमेलने आहे आणि मुदत कधी संपते याची नोंद तीत ठेवायची.

२. वेबसाइट, ब्राउझर, सर्व्हर आणि यूआरएल

वेबपेज म्हणजे एक पान, आणि एकमेकांना जोडलेल्या अशा पानांचा संच म्हणजे वेबसाइट. ही पाने ज्या संगणकावर ठेवलेली असतात आणि जो ती चोवीस तास मागेल त्याला पाठवत असतो, तो सर्व्हर. पान मागवून पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी ही त्याची नेहमीची उदाहरणे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ही कल्पना मांडली आणि आजही पान मागणे व पान पाठवणे हाच तिचा गाभा आहे.

पानाचा पूर्ण पत्ता म्हणजे यूआरएल. त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस, मग डोमेन आणि तिरक्या रेघेनंतर त्या विशिष्ट पानाचे नाव असते. गूगल हे पाने शोधून देणारे सर्च इंजिन आहे, पाने साठवून ठेवणारी जागा नव्हे. त्यामुळे ‘गूगलवर वेबसाइट टाकून देतो’ असे कोणी म्हटले, तर तो नेमके काय देणार आहे हे पुन्हा विचारा. बहुधा त्याला गूगल मॅप्सवरची व्यवसायाची नोंद म्हणायची असते, जी मोफत आहे आणि वेबसाइटपेक्षा वेगळी आहे.

३. डोमेन

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण वेबसाइट बिघडली तर पुन्हा करता येते, पण हातून गेलेले डोमेन परत मिळेलच असे नाही.

डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटचे नाव, ज्याच्या शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असे काही असते. ते कायमचे विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांसाठी नोंदवता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. नोंदणी करून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. डॉट इन नावांची मूळ नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते, आणि २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ असे नावही घेता येते. तसे नाव घ्यायला हरकत नाही, पण ते दुसरे म्हणून घ्या, कारण अनेक पाहुणे फोनवर रोमन कळफलकच वापरतात आणि काही जुन्या प्रणाली देवनागरी ईमेल पत्ते स्वीकारत नाहीत.

नाव निवडताना आपल्या भागात एक खास अडचण येते. गावांची नावे रोमन लिपीत एकाच तऱ्हेने लिहिली जात नाहीत. हर्णै, आंजर्ले, वेंगुर्ला यांची दोन-तीन रूपे पाट्यांवर दिसतात, आणि ‘कोकण’ लिहिताना मध्ये एन घालावा की नाही यावर तर सरकारी पाट्यांचेही एकमत नाही. निवडलेले नाव फोनवर एकदाच उच्चारून समोरच्याला टाइप करायला सांगा. तो चुकला तर नाव बदला. मधली आडवी रेघ आणि अंक टाळलेले बरे.

आता सापळे. पहिला नोंदणीचा. जमीन घेताना सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागते हे आपण ज्या काळजीने पाहतो, त्याच काळजीने रजिस्ट्रारच्या खात्यावर कोणाचे नाव आणि कोणाचा ईमेल आहे हे पाहा. वेबसाइट करणारा सोयीसाठी स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतो. पुढे तो परदेशी गेला किंवा वाद झाला की नाव त्याच्याकडे राहते. रजिस्ट्रारच्या साइटवर खाते स्वतः उघडा, पैसे स्वतः भरा आणि त्याला केवळ आवश्यक तेवढा प्रवेश द्या. डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर ते आपल्या रजिस्ट्रारकडे हलवण्यासाठी ‘ऑथ कोड’, म्हणजे हस्तांतरणाचा गुप्त संकेतांक, मागावा लागतो. हा शब्द उच्चारला की समोरच्यालाही कळते की तुम्हाला विषय माहीत आहे.

दुसरा सापळा दराचा आहे. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर मोठ्या अक्षरांत आणि नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो. खरा खर्च दुसऱ्या आकड्याचा. तिसरा सापळा मुदतीचा. आंब्याच्या हंगामासाठी एप्रिलमध्ये घाईने घेतलेले डोमेन पुढच्या एप्रिलमध्येच, म्हणजे ऐन हंगामात संपते. म्हणून ते तीन वर्षांसाठी घ्या किंवा पावसाळ्यात, कामाला उसंत असताना नोंदवा. मुदत उलटल्यावर काही दिवसांची सवलत मिळते, मग जादा शुल्क लागते आणि अखेर ते नाव कोणालाही घेता येते. चांगल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात.

४. होस्टिंग, डीएनएस आणि एसएसएल

डोमेन हे नाव झाले. पाने ठेवण्यासाठी सर्व्हरवर जी जागा भाड्याने घ्यावी लागते, ती होस्टिंग. एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट ठेवल्या की त्याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात, आणि पाच-सहा खोल्यांच्या निवासाला ते पुरून उरते. ‘डेडिकेटेड सर्व्हर’ (तुमच्या एकट्यासाठीचा पूर्ण सर्व्हर) किंवा ‘क्लाउड व्हीपीएस’ (सर्व्हरचा तुमच्यासाठी वेगळा राखलेला भाग) असे शब्द कोटेशनमध्ये दिसले, तर त्यांची गरज कशासाठी आहे हे लेखी विचारा. बॅंडविड्थ म्हणजे महिन्याभरात किती डेटा पाठवता येईल याची मर्यादा, आणि अपटाइम म्हणजे सर्व्हर एकूण वेळेच्या किती टक्के चालू राहतो याचे आश्वासन.

नाव आणि सर्व्हर यांना जोडणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. प्रत्येक सर्व्हरला आयपी ॲड्रेस नावाचा आकडी पत्ता असतो. अमुक डोमेन अमुक आयपीवर आहे अशी डीएनएसमधली नोंद म्हणजे ए रेकॉर्ड, ईमेल कोठे पोहोचवायचे ते सांगणारी नोंद म्हणजे एमएक्स रेकॉर्ड, आणि या नोंदी जेथे ठेवलेल्या असतात ते नेमसर्व्हर. नोंद बदलल्यावर तो बदल सगळीकडे पोहोचायला काही मिनिटांपासून ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून ‘माझ्या फोनवर नवी साइट दिसते आणि भावाच्या फोनवर जुनीच’ असे झाले तर घाबरू नका. मात्र नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी एमएक्स नोंदी उतरवून घ्या. त्या राहिल्या तर साइट चालू आणि ईमेल बंद असा प्रकार होतो, जो बऱ्याचदा एखाद्या पाहुण्याने तक्रार केल्यावरच लक्षात येतो.

एसएसएल प्रमाणपत्रामुळे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर कूटबद्ध, म्हणजे मध्येच कोणाला वाचता येणार नाही असा होतो आणि पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस येते. ते नसेल तर क्रोम २०१८ पासून ‘नॉट सिक्युअर’ असा इशारा दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशी प्रमाणपत्रे मोफत देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ती आपोआप बसवून नूतनीकरणही करतात. त्यामुळे लहान साइटसाठी एसएसएलचे दर वर्षी काही हजार रुपये लावलेले दिसले तर कारण विचारा. एचटीटीपीएस असणे म्हणजे साइट प्रामाणिक असणे नव्हे, हेही लक्षात ठेवा. खोट्या रिसॉर्टच्या बनावट साइटवरही ते असते.

५. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट

एचटीएमएल ही मजकुराला खुणा करण्याची भाषा आहे. हे मुख्य शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाचा दुवा, असे ती कोनी कंसांत लिहिलेल्या टॅगद्वारे ब्राउझरला सांगते. तो मजकूर कसा दिसावा, म्हणजे अक्षर किती मोठे, रंग कोणता, दोन खोल्यांची चित्रे शेजारी की खाली, हे सीएसएस ठरवते. तिची पहिली प्रमाणित आवृत्ती १९९६ ची आहे. पान उघडल्यानंतर घडणाऱ्या हालचाली जावास्क्रिप्ट पाहते: तारीख निवडण्याचे कॅलेंडर, पुढे सरकणारी छायाचित्रे, फॉर्ममध्ये दहाऐवजी नऊच आकड्यांचा मोबाइल नंबर भरला तर येणारी सूचना. ‘जावा’ ही वेगळी भाषा आहे. नावातल्या साम्यावर जाऊ नका.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर संगणकावर क्रोममध्ये कोणतेही पान उघडून उजव्या क्लिकने ‘इन्स्पेक्ट’ निवडा. बाजूला एचटीएमएल दिसेल. त्यातल्या एखाद्या दरावर दोनदा क्लिक करून आकडा बदला, म्हणजे पानावरचा दरही बदलेल. पान पुन्हा लोड केले की जुना आकडा परत येईल, कारण बदल केवळ तुमच्या ब्राउझरमध्ये झाला होता, सर्व्हरवर नाही. हा प्रयोग आणखी एका कारणासाठी करून पाहावा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवून खोली राखून ठेवायला सांगणारे पाहुणे असतात, आणि पडद्यावरचा आकडा बदलून स्क्रीनशॉट काढणे किती सोपे आहे हे एकदा स्वतः पाहिले की खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहिल्याशिवाय बुकिंग पक्के करण्याचा मोह होत नाही.

एचटीएमएलमधल्या दोन गोष्टींची नावे लक्षात ठेवा. एच१ हे पानाचे मुख्य शीर्षक. ते प्रत्येक पानावर एक असावे आणि त्यात गावाचे नाव असावे. ऑल्ट टेक्स्ट हे चित्राचे शब्दांतले वर्णन. दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो आणि चित्र उघडले नाही तर त्या जागी तेच दिसते. याच कारणासाठी दरपत्रक चित्राच्या रूपात टाकू नका. लग्नपत्रिकेसारखे सजवलेले दरपत्रक सुंदर दिसते, पण त्यातला मजकूर सर्च इंजिनला नीट वाचता येत नाही आणि फोन नंबरवर बोट ठेवून कॉल लावता येत नाही.

६. स्टॅटिक की डायनॅमिक, आणि सीएमएस

पाहणाऱ्याच्या बाजूला जे दिसते आणि चालते ते फ्रंटएंड. सर्व्हरच्या बाजूला पडद्याआड चालते ते बॅकएंड. आणि बुकिंग, ग्राहक, साठा यांची व्यवस्थित मांडलेली नोंद म्हणजे डेटाबेस. पाने आधीच तयार करून ठेवलेली असतील तर साइट स्टॅटिक, आणि प्रत्येक मागणीच्या वेळी डेटाबेसमधून माहिती घेऊन पान तयार होत असेल तर डायनॅमिक. स्टॅटिक साइट वेगवान असते, तिला देखभाल कमी लागते आणि ती फोडणे अवघड असते.

कोड न लिहिता मजकूर बदलता यावा यासाठीची व्यवस्था म्हणजे सीएमएस. २००३ मध्ये सुरू झालेले वर्डप्रेस हे त्यातले सर्वाधिक वापरले जाणारे आहे आणि ते मोफत आहे. पैसे जातात ते होस्टिंगला, थीमला आणि मेहनतीला. थीम म्हणजे साइटचे तयार रूप, आणि प्लगइन म्हणजे एखादी सोय जोडणारा भाग. प्लगइन जितके जास्त तितके अपडेट जास्त, आणि अपडेट न केलेले प्लगइन हा वर्डप्रेस साइट हॅक होण्याचा नेहमीचा मार्ग आहे. विकतची थीम फुकट देणाऱ्या ‘नल्ड’ प्रतींमध्ये बऱ्याचदा घातक कोड दडवलेला असतो. अशी प्रत तुमच्या साइटवर बसवली जाणार नाही, असे लेखी घ्या.

माझे मत असे आहे की पाच-सहा खोल्यांच्या निवासाला स्टॅटिक साइट आणि तीवर व्हॉट्सॲपचा व फोनचा दुवा एवढे पुरते. एप्रिल-मे या दोनच महिन्यांत आंबा विकणाऱ्यालाही मागणीचा एक साधा फॉर्म पुरेल. वर्षभर कोकम, काजू, पापड अशा वीस-पंचवीस वस्तू कुरिअरने पाठवत असाल तर मात्र ई-कॉमर्स लागते: कार्ट, साठ्याची नोंद आणि पेमेंट गेटवे. गेटवे म्हणजे कार्ड, यूपीआय किंवा नेट बॅंकिंगचे पैसे स्वीकारून तुमच्या खात्यात जमा करणारी सेवा; ती सहसा व्यवहारामागे काही टक्के आकारते, आणि तो दर कोटेशनमध्ये नसतो.

७. डिझाइनचे शब्द

हेडर म्हणजे पानाचा वरचा पट्टा, फूटर म्हणजे खालचा, नेव्हिगेशन म्हणजे पानांची यादी. वायरफ्रेम हा रंग-चित्रांविना काढलेला आराखडा आणि मॉकअप हे रंगांसहित चित्र; बदल सांगायचे ते वायरफ्रेमवर सांगा, कारण नंतर प्रत्येक बदलाचे पैसे लागतात.

यात जपण्याजोगा शब्द म्हणजे रिस्पॉन्सिव्ह. पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी आपोआप बदलणारी साइट रिस्पॉन्सिव्ह म्हणवते, आणि ज्या रुंदीला मांडणी बदलते तिला ब्रेकपॉइंट म्हणतात. वेबसाइट करणारा ती तुम्हाला लॅपटॉपवर, चांगल्या वायफायवर दाखवेल. तुमचा पाहुणा मात्र ती दाभोळ-धोपावे फेरीबोटीची वाट पाहताना उन्हात फोन धरून उघडणार आहे, रेंजची एक काडी असताना, आणि त्याला हवे असेल ते फक्त पुढचे वळण आणि तुमचा नंबर. म्हणून साइट स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर, घराबाहेर उभे राहून तपासा. फिक्या निळ्यावर पांढरी अक्षरे उन्हात दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतल्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि सामान्य मजकुरासाठी तो किमान ४.५ : १ असावा असे प्रमाण आहे.

८. मराठी मजकूर

डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात. वेबसाइटसाठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत हवा. फोनवर मराठीत जे टाइप करता ते युनिकोडच असते. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलता येतो, पण नंतर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला. मुक्त आणि नोटो हे देवनागरीचे मोफत फाँट वेबवर सुखाने वापरता येतात.

९. छायाचित्रे आणि वेग

१२ मेगापिक्सेलच्या फोनने काढलेले छायाचित्र सुमारे ४००० बाय ३००० पिक्सेलचे आणि काही एमबींचे असते. असे दहा फोटो पहिल्या पानावर टाकले की पावसाळ्यातल्या नेटवर्कवर ते पान उघडतच नाही. रुंदी १६०० पिक्सेलवर आणून प्रत्येक चित्र २००-३०० केबीच्या आत बसवायला सांगा; छायाचित्रांसाठी जेपेग किंवा वेबपी आणि पारदर्शक लोगोसाठी पीएनजी हे फाइलचे प्रकार वापरायचे. वरच्या बाजूला सरकणाऱ्या भल्या मोठ्या स्लायडरपेक्षा समुद्र दिसणारे एकच चांगले चित्र बरे. एकदा आणलेल्या फाइली ब्राउझर काही काळ जपून ठेवतो, त्या साठ्याला कॅशे म्हणतात. दर बदलूनही जुनाच दिसत असेल तर आधी कॅशे साफ करून पाहा, मग वेबसाइटवाल्याला फोन करा.

१०. एसइओ

साइट सर्च इंजिनला नीट समजावी आणि योग्य शोधात वर यावी यासाठीचे काम म्हणजे एसइओ. त्याचा मोठा भाग साधा आहे: प्रत्येक पानाला वेगळे टायटल (ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे पानाचे नाव), खरा मजकूर, गावाचे आणि जवळच्या ठिकाणांचे नाव, वेगवान पान आणि गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत दिलेला साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते.

११. काम ताब्यात घेताना

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पुढील गोष्टी हातात घ्या: रजिस्ट्रार, होस्टिंग आणि सीएमएस यांची लॉगिन, साइटच्या सर्व फाइली आणि डेटाबेस यांचा बॅकअप, जो होस्टिंगच्या त्याच सर्व्हरवर नसून तुमच्या पेन ड्राइव्हवर आहे, आणि थीम व फाँट यांच्या परवान्यांच्या पावत्या. जुनी साइट असेल तर तिच्या पत्त्यांवरून नव्या पानांवर रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप वळवणारी सोय, लावली आहे का ते पाहा, नाहीतर जुन्या दुव्यांवर ४०४ म्हणजे ‘पान सापडले नाही’ असे येईल.

फॉर्ममध्ये नाव, फोन आणि तारखा एवढेच विचारा. पाहुण्यांच्या आधारची प्रत वेबसाइटवरून मागवू नका, कारण ती सर्व्हरवर पडून राहते आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अशी माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो. ओळखपत्र पाहुणा दारात आल्यावर पाहावे.

ताबा मिळाल्याच्या दिवशीच सगळे पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा आणि त्याचे बॅकअप कोड वहीत लिहून ठेवा. नंतर वेबसाइटवाल्याला दुरुस्तीसाठी पुन्हा प्रवेश लागला, तर आपले लॉगिन न देता त्याच्या नावाने वेगळे लॉगिन तयार करा आणि काम झाले की ते बंद करा.